तिसऱ्या चढाईतली ती पकड नियमात होती का?

निदानरेषा_लालबाग
रविवारचा कबड्डीचा उपांत्य सामना ज्यांनी पाहिला त्यांनी कृपया स्पष्ट मत द्या. शेवटची चार मिनिटं, आपण दोन गुणांनी मागे, आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, म्हणजे तिसरीत गुण आणणं भागच होतं, नाहीतर चढाईपटू बाद. समोर तिघेच, दोन्ही कोपरे (म्हणजे दोन टोकांचे बचावपटू) आणि एक मध्यरक्षक. एवढे कमी बचावपटू असताना बोनस गुणाचा प्रश्नच नव्हता. आपला चढाईपटू त्यांच्या डाव्या कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने डावा चवडा पुढे टाकला. कोपऱ्याने झेप घेऊन घोटा धरला. इथवर तक्रार नाही. पण त्याच क्षणी मध्यरक्षक आतून आला आणि त्याचा खांदा त्याच पायाच्या गुडघ्यावर बाहेरच्या अंगाने आदळला. पाऊल मॅटवर दाबलेलं, गुडघा आत दुमडला. पंचांनी बाद दिलं आणि अव्वल पकडीचे (तिघं किंवा कमी उरले असताना केलेल्या पकडीचे) दोन गुण त्यांच्या खात्यात गेले. कार्ड नाही, साधी ताकीदही नाही. पोरगा स्ट्रेचरवरून बाहेर गेला.

गॅलरीतून घेतलेला मोबाइलचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. ही पकड नियमात बसते का? "कबड्डीत लागतंच" हे उत्तर नको आहे.

पंचगिरी_परळ
व्हिडिओ पाहण्याआधी नियम काय सांगतो ते बघू, कारण इथे बरेच जण चुकीच्या नियमावर भांडतात.

चढाईपटूला धरायचं ते हातापायांना किंवा धडाला. केस, गळा, कपडे धरून पकड होत नाही. गुडघा हा पायाचाच भाग, त्यामुळे "गुडघ्याला हात लावला म्हणून फाउल" हा मुद्दा टिकत नाही. घोट्याची पकडही पूर्ण वैध आहे.

तुमच्या कामाचा नियम दुसरा आहे. चढाईपटू पकडीत असताना तोंड दाबून त्याचा दम तोडणं, इजा होईल अशी दांडगाईची पकड करणं, पायांची कात्री मारणं किंवा कुठलाही गैरमार्ग वापरणं याला बंदी आहे. असं झालं तर चढाईपटू नाबाद. शिवाय सरपंच (सामन्याचे मुख्य पंच) आणि पंच त्या खेळाडूला ताकीद किंवा कार्ड देऊ शकतात. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाद.

पण इजा झाली एवढ्यावरून पकड बेकायदा ठरत नाही. आधी दांडगाई दिसली पाहिजे, मग इजेचा विचार. चांगल्या पकडीतही गुडघा जातो, आणि वाईट पकडीतून माणूस धडधाकट उठतो. पंचाने खेळाडूच्या किंकाळीवर निर्णय देऊ नये, पकड कशी झाली यावरच द्यावा.

डावा_कोपरा
माझं मत, मध्यरक्षक चुकला. आणि कोपराही थोडा.

घोटा धरणाऱ्याने दोन्ही हातांची मिठी टाचेच्या वर मारायची, कपाळ पोटरीच्या बाहेर ठेवायचं आणि पाऊल स्वतःकडे ओढत मॅटवरून *उचलायचं*. पाऊल हवेत असलं की गुडघ्यावर भार आला तरी पाय बराचसा मोकळा फिरतो. इथे कोपरा पालथा पडला आणि घोटा खाली दाबून धरला. अशा वेळी पायाचं खालचं टोक खिळ्याने ठोकल्यासारखं होतं. वरून बाजूने वजन आलं की वळायला एकच जागा उरते, गुडघा. त्यात मॅट आणि बूट. मातीवर पाऊल थोडं घसरतं आणि भार निघून जातो, मॅटवर रबरी तळवा चिकटून बसतो.

दुसऱ्या माणसाने घोट्याची मिठी पक्की होईपर्यंत अर्धं पाऊल थांबायचं असतं. मग मांडीच्या वरच्या भागावर किंवा कमरेवर यायचं, छाती वर, दोन्ही हात उघडे, डोकं चढाईपटूच्या पाठीमागे. खांदा लागतोच, पण त्यामागोमाग हात मिठी मारतात. अव्वल पकडीच्या हावेपोटी तिघं उरल्यावर मध्यरक्षक घाई करतात आणि कोपऱ्याच्या झेपेबरोबरच उडी घेतात. तेव्हा उंची साधत नाही.

आणखी एक. चढाईपटू कोपऱ्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्याचा डावा पाय अंतिम रेषेच्या, मैदानाच्या मागच्या कडेच्या बाजूला. बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत पावणेदोन मीटरची पट्टी. मध्यरक्षक त्या पट्टीत मागून आला, म्हणूनच मार गुडघ्याच्या बाहेरच्या अंगावर बसला. तो निदान रेषेकडून, म्हणजे मध्यरेषेच्या बाजूने पुढून आला असता तर कंबर समोर मिळाली असती.

नायगाव_मैदान
डावा_कोपरा, तंत्राबद्दल वाद नाही. पण चुकीचं तंत्र आणि दांडगाई एक नाही. तसं धरलं तर प्रत्येक कच्च्या मध्यरक्षकाला कार्ड द्यावं लागेल.

घोटा अडकला की चढाईपटू मध्यरेषेकडे हात लांब करतो आणि कंबर खाली टाकतो. जी धडक मांडीवर यायची ती मग गुडघ्यावर बसते. यात मध्यरक्षकाचा दोष नाही, लक्ष्यच खाली आलं. वरिष्ठ पुरुष गटात ८५ किलोपर्यंत वजन चालतं, तेवढं अंग एकदा हवेत गेलं की दिशा बदलता येत नाही.

निदानरेषा, व्हिडिओ एकेक चौकट (फ्रेम) पुढे सरकवून बघा. साधा मोबाइल सेकंदाला ३० चौकटी घेतो, म्हणजे दोन चौकटींमध्ये ३३ मिलिसेकंद. धडकेची चौकट धरा आणि मागे जा. तीन गोष्टी सांगा: मध्यरक्षकाचा खांदा किती उंचीवर होता, त्याचे हात उघडे होते की छातीशी दुमडलेले, आणि चढाईपटूची कंबर केव्हा खाली गेली. हळू गतीने चालवून बघू नका, हळू गतीत प्रत्येक धडक मुद्दाम केल्यासारखी दिसते.

निदानरेषा_लालबाग
बघितलं, दोनदा तपासलं.

धडकेच्या पाच चौकटी आधी कोपऱ्याचे हात घोट्यावर आहेत. त्या वेळी मध्यरक्षकाचे दोन्ही पाय मॅटवर आहेत, अजून उडी घेतलेली नाही. तीन चौकटी आधी तो झेपावला आहे आणि खांदा तेव्हाच गुडघ्याच्या पातळीत आहे. आपल्या चढाईपटूची कंबर त्या चौकटीत सरळ आहे, खाली जाते ती धडकेनंतर. मध्यरक्षकाचा उजवा हात कोपरात दुमडून छातीशी, डावा मागे राहिलेला. धडकेनंतरच्या चौकटींतही मिठी मारताना दिसत नाही, तो गुडघ्यावरून गडगडत पुढे जातो. शिट्टी त्यानंतर वाजते, त्यामुळे उशिरा मारल्याचा आरोप मी करत नाही.

नायगाव_मैदान
मग माझा कंबरेचा मुद्दा गेला. हात दुमडलेले असतील तर त्याला पकड म्हणणं कठीण आहे.

पंचगिरी_परळ
हे वर्णन बरोबर असेल तर मी चढाईपटूला नाबाद दिलं असतं आणि मध्यरक्षकाला पिवळं कार्ड. हात न उघडता, सुरुवातीपासूनच गुडघ्याच्या उंचीवर, खाली अडकलेल्या पायावर खांदा. ती पकड नव्हे, मार आहे. पिवळ्या कार्डामुळे त्यांचे दोन मिनिटं दोघेच उरले असते. त्या गुणसंख्येवर सामना उलटू शकला असता, म्हणून तुमची चीड समजते.

पंचांना का दिसलं नाही, तेही सांगतो. दोन्ही बाजूंच्या रेषांवर एकेक पंच असतो. डाव्या कोपऱ्याजवळच्या पंचाचं लक्ष घोट्याकडे आणि रेषेकडे, आणि त्याच्या समोर चढाईपटूचं धड आडवं. पलीकडच्या पंचाला दिसली मध्यरक्षकाची फक्त पाठ, दुमडलेला हात दिसणं शक्यच नाही. अशा वेळी सरपंचांनी दोघांना बोलावून विचारायला हवं होतं. पंचांचा निर्णय एरवी अंतिम असला तरी दोघांत मतभेद असेल किंवा प्रसंग तसाच असेल तर सरपंच निर्णय देऊ शकतात.

इथे आपल्या संघाचंही चुकलं. पाच-सहा जण पंचांच्या अंगावर धावले. निर्णयावरून पंचांना सतत बोलत राहणं हाच वेगळा दोष धरला जातो. पुढची चढाई सुरू होण्याआधी एकट्या कर्णधाराने सरपंचांकडे जाऊन नेमकं म्हणायचं: "मध्यरक्षकाने हात न उघडता गुडघ्यावर खांदा मारला, कृपया दोन्ही पंचांना विचारा." एवढंच. "साहेब, हे काय चाललंय" म्हटलं की ऐकणाऱ्याला काय तपासायचं तेच कळत नाही.

निकाल आता बदलणार नाही. तरी व्हिडिओसह आयोजकांना आणि जिल्हा असोसिएशनच्या पंच मंडळाला लेखी द्या. चौकटींचं वर्णन वर लिहिलंत तसंच लिहा, विशेषणं गाळा.

फिजिओ_दादर
नियमांचं तुम्ही बघा, मला त्या पोराच्या गुडघ्याची काळजी आहे. बाहेरून मार आणि पाऊल खिळलेलं, यात गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध आणि मधला पुढचा अस्थिबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, हे दोन्ही धोक्यात असतात. गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीलाही इजा होऊ शकते. पहिल्या काही तासांतच गुडघा टम्म फुगला का? "कट्" असा आवाज आल्याचं तो सांगतो का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर एसीएलची शंका धरूनच चाला.

कुणालाही गुडघा ओढून "बसवू" देऊ नका, चोळू नका, गरम शेक नको. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज, पाय उशीवर हृदयापेक्षा उंच, चालताना कुबड्या. केईएम किंवा सायनच्या अस्थिरोग ओपीडीत दाखवा. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून घरी आणू नका, अस्थिबंध एक्स-रेत दिसत नाहीत, एमआरआय लागतो. पाऊल थंड पडलं किंवा बोटं बधिर झाली तर ओपीडीची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात न्या.

सूज आठवड्याभरात उतरली की तो म्हणेल, मी बरा आहे. सरळ चालताना एसीएल तुटलेला गुडघाही बरा वाटतो, दगा देतो तो वळताना, आणि चढाईपटू प्रत्येक चढाईत वळतोच. एसीएलची शस्त्रक्रिया झाली तर मॅटवर परतायला किमान नऊ महिने धरा.

निदानरेषा_लालबाग
रात्रीच सुजला होता, आवाज आल्याचंही तो सांगतोय. उद्या सकाळी केईएमला नेतोय. आयोजकांचं पत्र आज रात्री लिहून इथे टाकतो. पंचगिरी साहेब, पाठवण्याआधी एकदा नजर घाला.