बायबायिन परत आणून तागालोगचं काय भलं होणार?

चौकस:
फिलिपिन्समधल्या तागालोग भाषेची जुनी बायबायिन लिपी राष्ट्रीय लिपी करावी, असं विधेयक २०१८ साली तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने मंजूर केलं होतं. खाद्यपदार्थांची वेष्टनं, रस्त्यांच्या पाट्या, वर्तमानपत्रांची नावं, सगळीकडे ती हवी होती. पुढे त्याचा कायदा झाला नाही. माझ्या मते बरंच झालं!

लिपी ब्राह्मीच्या कुळातली, म्हणून आपल्याला जवळची वाटते. अक्षरात 'अ' असतोच, वर टिंब दिलं की इ किंवा ए, खाली दिलं की उ किंवा ओ. पण अक्षराचा पाय मोडायची सोय नाही. शेवटचं व्यंजन सरळ गाळायचं. डोंगराला 'बुंदोक' म्हणतात, लिहिणार 'बुदो'. 'बाता' म्हणजे मूल, 'बातास' म्हणजे कायदा, आणि दोन्ही लिहायचे सारखेच. या लिपीत कायदा लिहिला तर वाचणाऱ्याच्या हाती मूल यायचं. रोमनमध्ये तागालोग बोलतात तशी लिहिता येते, मग हा खटाटोप कशाला?

सदाफुली:
असहमत. १६२० साली फ्रान्सिस्को लोपेझ या पाद्र्याने इलोकानो भाषेतलं धर्मशिक्षणाचं पुस्तक छापताना अक्षराखाली क्रूस देऊन पाय मोडला. म्हणजे सोय चारशे वर्षांपासून आहे. आणि त्याआधी लोकांचं काही अडलं होतं का? मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठात १६१३ आणि १६२५ ची जमीन विक्रीची खतं आहेत, बायबायिनमध्ये लिहिलेली. जिच्यात जमिनीचे व्यवहार झाले ती लिपी तुम्ही अडाणी ठरवताय. नोटांवर शोभेला चालते, शाळेत मात्र नको?

चौकस:
तो क्रूस तागालोग लोकांनीच नाकारला हो. कौतुक केलं, पण आमच्या लिपीच्या स्वभावात बसत नाही म्हणाले. उलट रोमन त्यांनी घासूनपुसून आपली केली. स्पॅनिश वळणाचे सी आणि क्यू काढून के आणावा, यासाठी खुद्द राष्ट्रनायक होसे रिझाल यांनी लिहिलं. १९४० मध्ये लोपे सांतोस यांच्या व्याकरणात २० अक्षरांची अबाकादा ही वर्णमाला आली, १९८७ पासून अक्षरं २८ झाली. याला परकी लिपी कसं म्हणायचं?

रोमीकर (मडगाव):
मला 'राष्ट्रीय' याच शब्दाचं भय वाटतं. मिंदोरो बेटावरचे हानुनुओ आणि बुहिद, पालावान बेटावरचे तागबान्वा, या जमातींच्या लिप्या अजून जिवंत आहेत. हानुनुओ आजही बांबूवर सुरीने आंबाहान कोरतात, सात-सात अक्षरांच्या ओळींचं काव्य असतं ते. १९९९ साली युनेस्कोने या लिप्यांची दखल घेतली. पाम्पांगा प्रांतात कुलितान लिपी आहे ती वेगळीच. त्यांच्या गावात तागालोगांची लिपी पाटीवर लावून कुणाचा वारसा जपणार? १९३७ मध्ये तागालोगला राष्ट्रभाषेचा पाया केलं, त्यावर सेबुवानो बोलणारे अजून धुसफुसतात. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी, असं ठरवलं. रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत, तियात्र (नाटक) लिहिणारा तेव्हापासून दाराबाहेर उभा आहे.

सदाफुली:
रोमीकर, मग ज्या प्रांतात जी लिपी तिथे ती लावा की! कुलितानवाल्यांच्या पाट्या कुलितानमध्ये. वेगळ्या लिप्या आहेत म्हणून एकही नको, हे कसलं तर्कट? मोडी आपण अशीच सोडली. आता दप्तरंच्या दप्तरं पडून आहेत आणि वाचणारे मोजके.

ओंडका:
मोडी आणि बायबायिन एका तागडीत घालू नका. मोडीत कोट्यवधी कागद आहेत, म्हणून शिकायला कारण आहे. बायबायिनमधला मजकूर मूठभर. फिलिपिन्समधला सगळ्यात जुना लेख म्हणजे लागुना ताम्रपट, शके ८२२ चा, पण तो बायबायिनमध्ये नाही, कावी या जुन्या जावानी लिपीत आहे. मोडी शिकणारा जुनं वाचायला शिकतो, बायबायिन शिकणारा बहुतेक वेळा दंडावर गोंदवायला.

सदाफुली:
गोंदवू देत. कागद मूठभर उरले म्हणून नवे लिहायचेच नाहीत का? आणि ओंडका, जुनं वाचायला मिळत नसेल तर लिपी शिकू नये, हा नियम हानुनुओंना सांगून बघा. ते बांबूवर आजचंच लिहितात.

चौकस:
हानुनुओंना कुणी सक्ती केलेली नाही, सदाफुली. माझा विरोध वेष्टनावरच्या सक्तीला आहे. ज्याला हौस आहे त्याने खुशाल लिहावं, बिस्किटाच्या पुड्यावर कशाला?