पुण्याची वेताळ टेकडी, कुत्रं आणि कुसळं... या दिवसांत कुठून नेता?

मोतीची_आई
ऑक्टोबर हीट संपली एकदाची!! आता सकाळी टेकडीवर काय मजा येतेय, गवत सगळं पिवळं-तांबूस झालंय, खाली पाषाणच्या बाजूला धुकं, आणि आमचा मोती (देशी, दीड वर्षाचा) पंचवटीचा चढ लागला की नुसता उधळतो, प्रत्येक दगडाचा वास घेतल्याशिवाय पुढे येत नाही. प्रॉब्लेम एकच, कुसळं. त्याच्या अंगावर कुसळं, सोफ्यावर कुसळं, नवऱ्याच्या सॉक्समध्ये पण कुसळं. काल रात्री एकच पंजा चाटत बसला होता. तुम्ही कुठल्या वाटेनं नेता? आणि देशी कुत्र्याला थंडीत स्वेटर लागतो का हो, सासूबाई विणायला बसल्यात 😀

लॅबवाला_कोथरूड
पंजा चाटतोय ना, मग वाटेचं नंतर, आधी टॉर्च घेऊन बोटांच्या मधे बघा. कुसळाच्या टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. त्यात त्याची शेपटी दवानं भिजली की पीळ सुटतो, वाळली की परत बसतो, बी जमिनीत घुसावं म्हणून ही सगळी सोय, पण कातडीतही तसंच घुसतं. टोक वर दिसत असेल तर चिमट्यानं सरळ ओढा. सूज असेल किंवा भोक पडलं असेल तर डॉक्टर, घरी कोरत बसू नका. सारखे कान झटकणं, लागोपाठ शिंका, तेव्हाही तेच. आमच्या लॅब्रॅडॉरच्या पंजातले केस मी दिवाळीच्या आधीच कापतो.
वाट म्हणाल तर एआरएआयच्या (ती गाड्यांची संशोधन संस्था) बाजूनं या, रुंद आहे, मधून चालायचं.

थिरथिरा
आणि लीश लावून!! परवा एक हस्की मोराच्या मागे सुसाट, मालक आपले फोनवर. ‘तो काही करत नाही हो’ म्हणे. अहो मोराला काय माहीत?
बाकी फिरायला याच्यासारखे दिवस नाहीत. माझ्या नावाचा पाहुणा पक्षी आलाय बरं का, काळसर अंग, पोट आणि शेपटी विटकरी, दगडावर बसून शेपटी सारखी थरथरवत असतो. खाणीच्या पाण्याकडे धोबी पक्षी पण दिसतील. कुत्रं गप उभं राहिलं तर 😜

टोरांटोची_ताई
हे वाचून जळफळाट झाला. इकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की संध्याकाळी पाचला अंधार, ऑफिसमधून येऊन टॉर्च घेऊन बीगलला फिरवायचं, मेपलची ओली पानं बुटांना चिकटतात ती वेगळीच. बर्फ सुरू झालं की फुटपाथवर मीठ टाकतात, त्यानं पंजे चरचरतात, म्हणून घरी आलं की पहिले पाय धुवायचे. बूट घालून पाहिले तर बया एकेक पाय हवेत उचलून चालते, लोक हसतात.
उणे दहाला आमच्या बीगलला कोट लागतो गं, पुण्यातल्या थंडीत धडधाकट देशीला कशाला? सासूबाईंना म्हणावं लेकाला विणा.

मोतीची_आई
सापडलं! मधल्या दोन बोटांत, टोक आत गेलंय आणि लाल झालंय, ओढलं नाही, संध्याकाळी डॉक्टरांकडे नेतेय. बरा झाला की एआरएआयकडून. थिरथिरा, तुमचा पाहुणा किती वाजता भेटतो?

थिरथिरा
उजाडायलाच आता साडेसहा होऊन जातात, घाई नका करू. दगडांवर ऊन आलं की या.