मदत हवी आहे: डोळ्यांना धोका नसलेली खेळणी कोणती घ्यावीत?

सुट्टीत घरातली सगळी मुलं एकत्र जमणार आहेत. सगळ्यात मोठा पुतण्या १२ वर्षांचा, धाकटी पुतणी अडीच वर्षांची, आणि मधे माझा ८ वर्षांचा भाचा. सगळ्यांसाठी भेटी मीच घेणार आहे, पण भाच्याच्या खेळण्यापाशी गाडी अडली आहे.

त्याचा डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे, म्हणजे त्या डोळ्याची नजर नीट घडलीच नाही. पट्टी लावून झाली, चष्माही आहे, तरी त्या डोळ्याने ६/१८ च्या पुढे दिसत नाही (चांगल्या डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते याला ६ मीटरवरून). म्हणजे सगळी भिस्त उजव्या डोळ्यावर. त्या डोळ्याला काही झालं तर काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि त्याने मागितली आहे फोमच्या गोळ्या मारणारी बंदूक. 'मऊ असते, लागत नाही' असं घरात सगळे म्हणतात. मला ते पटत नाहीये, पण नुसतं 'नको' म्हणायला माझ्याकडे ठोस कारणही नाही. चष्मा असल्यामुळे डोळा आपोआप सुरक्षित राहतो, असंही कुणीतरी म्हणालं. ते खरं आहे का? मोठ्याला लेझरचा दिवा किंवा रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर हवं आहे, त्याबद्दलही सांगा. सगळ्यात अवघड म्हणजे बाकीचे नातेवाईकही काहीबाही आणणार, त्यांना कसं सांगायचं?

भाच्याला वेगळं पाडायचं नाही. बाकीची खेळतात आणि हा बघत बसतो, असं व्हायला नको. कृपया अनुभव असलेल्यांनी लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी चष्म्याचे नंबर काढायचं काम करते, म्हणून आधी चष्म्याबद्दल लिहिते. ज्याच्या एका डोळ्याला चष्मा लावूनही ६/१२ पेक्षा कमी दिसतं, त्याला 'एकाच डोळ्यावर अवलंबून' असं धरतात आणि त्याने जागेपणी सतत पॉलिकार्बोनेटच्या (सहजी न फुटणाऱ्या मजबूत प्लॅस्टिकच्या) भिंगांचा चष्मा वापरावा असा सल्ला देतात. भाच्याच्या चष्म्याची भिंगं कशाची आहेत ते आजच विचारून घ्या. काच असेल तर लगेच बदला. साध्या प्लॅस्टिकच्या भिंगाचेही जोराच्या फटक्याने तुकडे होऊ शकतात.

पण रोजच्या चष्म्याने डोळा सुरक्षित होतो हे खरं नाही. वरून आणि बाजूंनी तो उघडाच असतो. खेळताना पट्ट्याचा, कडेने झाकणारा गॉगल लागतो. तो नंबरसहित करून मिळतो.

बंदुकीबद्दल तुमची शंका रास्त आहे. २०१७ साली लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टरांनी फोमची गोळी डोळ्याला लागलेल्या तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यांत ११ वर्षांचा एक मुलगाही होता. तिघांच्याही डोळ्यात पुढच्या भागात, पारपटलामागे (बुबुळावरच्या पारदर्शक थरामागे) रक्तस्राव झाला होता. टेनिसचा चेंडू लागला तर बराचसा मार भुवईचं आणि गालाचं हाड झेलतं. ही गोळी खोबणीपेक्षा लहान असल्यामुळे थेट डोळ्यावर बसते, मग टोक मऊ असून काय उपयोग? अशा मारानंतर वरवर सगळं बरं दिसलं तरी पुढे कित्येक वर्षांनी काचबिंदू होऊ शकतो. छर्र्यांच्या, जेलच्या गोळ्यांच्या बंदुका, धनुष्यबाण, गलोल हे तर घरात आणूच नका.

लेझरबाबत मी फार कडक आहे. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत. त्यामुळे पडदा भाजला तरी मूल रडत नाही, आणि आपल्याला कळतं तेव्हा मधोमध डाग पडलेला असतो. १ मिलिवॅटपेक्षा कमी ताकदीच्या किरणापासून पापणी मिटण्याची सवय डोळा वाचवते, पण मुलं गंमत म्हणून मुद्दाम टक लावून बघतात. शिवाय वर छापलेल्या आकड्यापेक्षा आतला किरण जास्त तीव्र निघालेली खेळणी तपासण्यांत सापडलेली आहेत. पुतण्याला दुसरं काहीही द्या.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी तीन मुलांचा बाप आहे, म्हणून वेगवेगळ्या वयांच्या गोंधळाबद्दल लिहितो. खेळण्यावर लिहिलेलं वय हे मूल किती हुशार आहे यासाठी नसतं, ते धोक्यासाठी असतं. '३ वर्षांखालील मुलांसाठी नाही' असं लिहिलेल्या डब्यात बहुतेक वेळा बारीक भाग असतात. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका ठरावीक नळकांड्यात जो भाग पूर्ण मावतो तो गिळला जाऊ शकतो, असं धरतात. म्हणून मोठ्याचं खेळणं निवडतानाही धाकटी डोळ्यांपुढे ठेवा. तिच्या खेळण्याला काठी, दांडा, टोकदार कडा नको. ती धावताना पडली तर ते कुठे लागेल, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

हेलिकॉप्टर घ्यायचंच असेल तर पात्यांभोवती पूर्ण जाळी असलेलं घ्या, आणि ते उडवताना धाकटी दुसऱ्या खोलीत. खरं तर बारा वर्षांच्या मुलाला सूक्ष्मदर्शक किंवा दुर्बीण जास्त दिवस पुरते. दुर्बीण दिलीत तर सूर्याकडे रोखायची नाही, हे देतानाच बजावा.

एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. खेळण्यांइतकाच धोका खेळांच्या सामानात असतो. बॅडमिंटनचं फूल आणि स्क्वॉशचा चेंडू बरोबर डोळ्याच्या खोबणीत बसतात. रॅकेट देणार असाल तर गॉगल त्याच भेटीचा भाग समजा.

नातेवाईकांना 'हे आणू नका' म्हटलं की राग येतो. 'मुलांना हे हे हवंय' अशी यादी आधीच पाठवा, आणि भाच्याच्या डोळ्याचं कारण सरळ सांगा. खरं कारण कळलं की माणसं ऐकतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चष्म्याच्या दुकानात विचारलं, भिंगं साध्या प्लॅस्टिकची आहेत. उद्याच बदलायला टाकते. भाच्याशीही बोलले. बंदूक नाही, हे ऐकून तोंड पाडलं, पण मोठा ठोकळ्यांचा संच आणि सगळ्यांनी मिळून खेळायचा पटावरचा खेळ म्हटल्यावर कळी खुलली. गॉगल मात्र तिघांनाही सारखेच घेणार आहे, म्हणजे तो एकटा वेगळा दिसणार नाही.

शेवटचं एक विचारते. इतकं करूनही कुणाच्या डोळ्याला लागलंच तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

प्रतिसाद १

चोळू द्यायचं नाही, दाबायचं नाही. नुसता मुका मार असेल तर गार फडकं डोळ्याच्या कडेला अलगद धरा, डोळ्यावर भार नको. काही रुतलं असेल तर ते ओढून काढू नका. कागदी पेल्याचा तळाकडचा भाग कापून डोळ्यावर असा झाका की त्याची कड फक्त हाडावर बसेल आणि डोळ्याला काही टेकणार नाही, तो चिकटपट्टीने लावा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. रसायन किंवा साबण गेला असेल तर मात्र आधी घरीच स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं धुवा, मग निघा.

रक्त दिसलं, बाहुलीचा आकार वाकडा झाला, एकाचे दोन दिसू लागले, चमक किंवा काळे ठिपके दिसले, तर सकाळपर्यंत थांबू नका. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारखी गोळी स्वतःहून देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. आणि डोळा फुटल्याची शंका असेल तर वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.