जपानमधलं अकिया घ्यावं का? बायको म्हणते वेड लागलंय

निशिकसाईकर:
टोक्योत आठ वर्षं झाली, निम्मा पगार भाड्यात जातो. नागानोकडे एक अकिया बघून आलो, म्हणजे कोणी राहत नाही असं रिकामं घर, ५ लाख येन, आपले तीनेक लाख. अंगण, वर डोंगर, आत जाडजूड तुळया. २०२३ च्या सरकारी पाहणीत असली ९० लाख घरं निघालीत. आणि परदेशी माणसाला जमिनीसकट स्वतःच्या नावावर घेता येतं. का नको?

पक्का सिव्हिलवाला:
बांधकाम परवानगी १ जून १९८१ च्या आधीची की नंतरची ते सांग, मग बोलू. त्या तारखेपासून भूकंपाचे नियम कडक झाले. २०२४ च्या एक जानेवारीला नोतोच्या भूकंपात जुनी लाकडी घरं कशी बसली ते टीव्हीवर बघितलंस ना? वर जड कौलं, खाली वाळवी. शिवाय समोरचा रस्ता बघ, अरुंद असेल तर पाडून नवीन बांधायची परवानगी अडू शकते. नुसतं पाडायलाच घराच्या किमतीपेक्षा जास्त लागतील.

डोंगरवेडी:
सिव्हिलवाले दादा, तुम्ही प्रत्येक घरात भेगाच शोधता! कोमिंका म्हणजे जुन्या पारंपरिक घरांची लाकडं आज घ्यायला गेलात तर परवडणार नाहीत. बऱ्याच नगरपालिका स्वतः अकिया बँक, म्हणजे रिकाम्या घरांची यादी, चालवतात, तिथे राहायला येणाऱ्याला दुरुस्तीसाठी अनुदान देतात. लोक नाहीत म्हणून गावं मरतायत, कोणी राहायला येतंय तर येऊ द्या की.

पुण्याहून:
मी इथे बसून घेतलं तर? व्हिसा मिळतो का?

निशिकसाईकर:
नाही हो काका, घराचा आणि व्हिसाचा काही संबंध नाही. मालक तुम्ही, पण राहायचं टुरिस्टसारखं.

सात वर्षं गावात:
मग घेऊच नका. मी निईगाताकडे राहतो म्हणून सांगतो, घर स्वस्त असतं पण गाव फुकट नसतं. चोनाइकाई म्हणजे वाडीची मंडळी, त्यांची वर्गणी, ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी मिळून गवत काढायचं, पाट साफ करायचा, कचऱ्याच्या जागेची पाळी. जानेवारीत छतावरचा बर्फ उतरवायला माणूस लागतो, नाहीतर छप्पर खाली. तुम्ही पुण्यात असाल तर तुमच्या वाटचं गवत शेजारचे सत्तरीचे आजोबा काढणार, आणि ते तोंडावर काही बोलणार पण नाहीत. मला तरी हे लाज वाटण्यासारखं वाटतं.

डोंगरवेडी:
हे मान्य. पण प्रश्न विचारणारा तिथलाच आहे ना, वीकेंडला जाईल.

सात वर्षं गावात:
वीकेंडवाले पहिल्या वर्षी दर आठवड्याला येतात.

गुहागरकर:
आमच्या वाडीत अर्धी घरं कुलूपबंद, सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली पाच वारलेली. जपानातही हाच घोळ होता म्हणून एप्रिल २०२४ पासून वारसनोंद सक्तीची केली. विकणारा एकटाच मालक आहे का ते आधी बघा. आणि अंगणाला लागून शेतजमीन असली तर तिला शेती समितीची परवानगी वेगळी. बाकी एवढी हौस आहे तर आमच्याकडे या, भूकंप कमी.

पक्का सिव्हिलवाला:
मूळ प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही, साल कुठलं?

निशिकसाईकर:
एजंटला आत्ताच फोन केला. १९७४. संडास खड्ड्याचा आहे, उपसायला गाडी येते म्हणे. तुळया मात्र खरंच भारी आहेत हो.