अनुभव धागा: ख्रिस्ती पुरुष आणि रोजची उपासना

नमस्कार मंडळी, लेंट (ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास-प्रार्थनेचा काळ) चालू आहे म्हणून विषय काढतोय. आपल्याकडे प्रार्थना म्हटलं की आई, आजी, महिला मंडळ. पुरुष रविवारी चर्चला येतात, कमिटीत असतात, पण घरी रोज काय करतो यावर आपण आपसात बोलतच नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच कितीतरी जण एकेकटे धडपडतात. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पेंटेकॉस्टल सगळ्यांनी लिहा. उपदेश नको, खरंच काय करता ते सांगा.

माझं आधी सांगतो. चाकणला नोकरी, पहाटे कंपनीची बस. बसमध्ये बायबलातली स्तोत्रसंहिता वाचतो, रोज पाच स्तोत्रं, तारखेप्रमाणे. १२ तारीख असली की ५६ ते ६०, म्हणजे १५० स्तोत्रं महिन्यात पूर्ण होतात आणि "आज काय वाचू" हा प्रश्नच येत नाही. मूड असो नसो वाचायचं. ज्या दिवशी सुपरवायझरशी वाजलेलं असतं त्याच दिवशी नेमकं शत्रूंबद्दलचं स्तोत्र येतं, आणि जे देवाला सांगायची लाज वाटत होती ते दाविदाने आधीच सांगून ठेवलेलं असतं.

उत्तर वसई
आमच्याकडे आजी होती तोवर संध्याकाळची माळ (रोझरी, मरियामातेची जपमाळ) तीच घ्यायची, आम्ही पुरुष मागे बसून उत्तरं द्यायचो. ती गेली आणि आठवडाभर माळ झालीच नाही. मग बाबांनी सुरू केली. आयुष्यभर वाडीत राबलेला माणूस, चारचौघांत कधी बोलला नाही, आणि आता गुडघ्यावर बसून सोमवारी-शनिवारी आनंदाची रहस्यं (माळेत मनन करायचे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग), मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, सगळं पाठ. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं २००२ मध्ये आली ना, तेवढी पुस्तकात बघून म्हणतात. आता गुरुवार माझ्याकडे दिलाय. माझा मुलगा उत्तरं देतो, मधे टीव्ही बघायला पळतो, मी ओढून आणत नाही.

नगरी टेम्पोवाला
मला एका जागी बसून प्रार्थना जमत नाही, डोळे मिटले की डुलकी. मी गातो. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी आमच्या घरात आजोबांपासून आहेत, उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक घरात दोन, एक गाडीत. रिकामा टेम्पो घेऊन परतताना मोठ्यानं म्हणतो. टिळकांनी अभंगात ख्रिस्त सांगितला हे आम्हा नगरकरांवर फार मोठं ऋण आहे, कारण न शिकलेल्या माणसालाही चालीवर पाठ होतं आणि पाठ झालेलं घाटातसुद्धा म्हणता येतं.

जालना
उपासाबद्दल लिहितो. मला शुगर आहे, गोळ्या चालू, त्यामुळे डॉक्टरांनी उपास बंदच केलाय. कॅथलिक आहे. चर्चच्या नियमातही राखेच्या बुधवारी (लेंटचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेला उपास १८ ते ५९ वयाच्यांनाच आहे आणि आजाऱ्याला सूट आहे, तेव्हा माझ्यासारख्यांनी मनाला लावून घेऊ नका. मी लेंटभर मटण-चिकन आणि बाहेरचं खाणं सोडतो, ते पैसे बाजूला ठेवतो आणि ईस्टरआधी एका पोराच्या फीला देतो. मत्तयच्या ६व्या अध्यायात प्रभू म्हणतो ना, उपास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळू देऊ नको. ऑफिसात कुणी केक वाटला तर थँक्यू म्हणून डब्यात ठेवतो आणि घरी पोरांना देतो. तिथे भाषण देत बसत नाही.

पुणे कॅम्प
रात्री झोपताना संत इग्नेशियसची (जेझुइट संघाचे संस्थापक) दिवस तपासायची पद्धत. आधी आभार, मग प्रकाश माग, मग सकाळपासूनचा दिवस आठव, चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी कृपा. दहा मिनिटं लागतात. फोन हॉलमध्ये चार्जिंगला, बेडरूममध्ये नाहीच. मोबाइलवर रात्री काय बघतो ही पुरुषांची खरी लढाई आहे आणि ती चर्चमध्ये कुणी बोलत नाही. शनिवारी सकाळी एका मित्राबरोबर चहाला बसतो, तो सरळ विचारतो, मी सरळ सांगतो, मग तिथेच हळू आवाजात एकमेकांसाठी प्रार्थना. ज्यांना असा मित्र नाही त्यांनी मागून घ्या, पास्टरांना सांगा, लाजू नका.

नवीन सभासद
चाकणवाले दादा, बसवाली पद्धत आजपासून सुरू केली. पण २४ तारखेला ११९ येतं, १७६ वचनं! आणि माझी नाइट शिफ्ट असते, तेव्हा कसं?

धागाकर्ता
भाऊ, ११९ चे मुळातच आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत. त्या दिवशी जाताना काही, जेवणाच्या सुट्टीत काही, येताना काही घे. उरलंच तर २५ ला घे. नाइटला मी कामावर निघायच्या आधी वाचतो, सुटल्यावर डोकं चालत नाही. ३१ तारखेला आवडतं स्तोत्र परत घ्यायचं, मी ५१ घेतो.