न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीचे फोन यायलेत, आई घाबरलीय, काय करू? (सोलापूर)

घरकुल_पोरगा
नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा, लई टेन्शनमध्ये लिहायलोय. आम्ही विडी घरकुलला (विडी कामगारांच्या वसाहतीत) राहतो, आई विड्या वळते. तीन आठवडे झाले तिच्या मोबाईलवर वसुलीचे फोन यायलेत. म्हणे तुम्ही ॲपवरून १२ हजाराचं लोन घेतलं, आता व्याज धरून ३१ हजार झाले. आईच्या मोबाईलमध्ये व्हॉट्सॲप आणि फोनपे सोडून काही नाही, तेही मीच टाकून दिलेलं, मग लोन घेतलं कुठून? पहिला फोन सकाळी सव्वासहाला, शेवटचा रात्री साडेदहाला. कधी फायनान्स कंपनीतून बोलतोय म्हणतात, कधी कोर्टातून, कधी क्राईम ब्रँच. सगळं हिंदीत आणि शिव्या देऊन, आईला तेलुगू आणि मराठी येतं, हिंदी अर्धं कळतं, त्यामुळं अजूनच घाबरते.

परवा व्हॉट्सॲपवर नोटीस आली. वर तीन सिंह, खाली गोल शिक्का, लाल अक्षरात अरेस्ट वॉरंट. आईचं नाव बरोबर, वडिलांचं चुकलेलं, आणि सोलापूरचं स्पेलिंगसुद्धा चुकलंय.

खरी गोष्ट अशी की मला न सांगता तिनं दोनदा मिळून २४०० रुपये पाठवलेत. मला कळलं कसं तर ती विड्या द्यायला कारखान्यात गेलती आणि मोबाईल घरीच होता, पिठाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. विचारलं तर रडायलाच लागली, गल्लीत कळलं तर काय म्हणतील म्हणून.

पोलिसात गेलं तर घेतात का? नंबर बदलू का, पण गॅस, बँक, आधार सगळं त्याच नंबरला आहे. आणि खरंच कुणी तिच्या नावावर कर्ज काढलं असलं तर?

कन्ना चौक
भाऊ टेन्शन घेऊ नको, सरळ ब्लॉक कर. माझ्या वहिनीला पण यायचे, आठ दिवस उचलले नाहीत, बंद झाले.

लूमवाला
आधी ब्लॉक करू नको. पुरावा काहीच राहत नाही आणि ते लोक दुसऱ्या नंबरवरून येतातच. आलेला प्रत्येक नंबर, तारीख, वेळ वहीत लिही, नोटिशीचे स्क्रीनशॉट घे, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो आणि व्यवहाराचा नंबर वेगळा लिहून ठेव. मग ब्लॉक कर खुशाल.

आणि आता एक रुपया पण पाठवू नका. माझं सांगतो. दोन वर्षामागं दिवाळीच्या आधी कारखाना बंद होता, सुताचे पैसे द्यायचे होते म्हणून मी खरंच एका ॲपवरून ५ हजार घेतले. खात्यात आले ३२०० आणि सात दिवसात ५ हजार परत मागितले. दिले. तरी फोन. परत दिले, परत फोन. एकदा दिलं की हा देणारा आहे म्हणून ओळखतात, आणि मग सोडत नाहीत. ॲप टाकताना सगळ्याला परवानगी दिलेली त्यामुळं कॉन्टॅक्ट लिस्ट त्यांच्याकडे गेली, आणि एक दिवस माझा फोटो भलत्याच उघड्या बाईसोबत जोडून माझ्या मेव्हण्याला, टॉवेलच्या व्यापाऱ्याला आणि मुलीच्या क्लासच्या बाईंना गेला. त्या दिवशी लूम बंद करून आत बसलो होतो, दार लावून. जे डोक्यात आलं ते इथं लिहीत नाही.

वाचलो कशामुळं तर मुलीनं माझ्याच मोबाईलवरून सगळ्यांना मेसेज टाकला. "माझा नंबर आणि फोटो फसवणूक करणाऱ्यांच्या हाती लागलाय, माझ्या नावानं काही आलं तर उघडू नका, पैसे देऊ नका, स्क्रीनशॉट मला पाठवा." बास एवढंच. तासाभरात तीस-चाळीस फोन आले आणि एकानंही वाईट बोललं नाही. त्यांच्या हातात आपली लाज असते, ती आपणच आधी सांगून टाकली की त्यांच्याकडे काही उरत नाही. आईला सांग, गल्लीत तूच आधी सांग म्हणावं.

बँकेत २२ वर्षं
वसुली विभागात बरीच वर्षं काढलीत म्हणून थोडं सविस्तर लिहितो. खरा वसुलीवाला आणि भामटा ओळखायला तीन गोष्टी पुरतात.

पहिली वेळ. रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ ला परिपत्रक काढून सांगितलंय, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास नाही. सव्वासहाला फोन करणारा खऱ्या संस्थेचा असला तरी चुकतोच आहे.

दुसरी कागद. त्याला फक्त एवढं विचारा, "संस्थेचं नाव, कर्ज खाते नंबर, आणि करारपत्र मेलवर पाठवा." खरा माणूस पाठवतो, कारण त्याच्याकडे असतं. भामटा आवाज चढवतो.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात पक्की, पैसे कुठं मागतो ते बघा. डिजिटल कर्जाच्या नियमानुसार पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात येतात आणि हप्ता थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात जातो. कुणा माणसाच्या नावाच्या यूपीआयवर मागितले म्हणजे विषय संपला. आईनं पैसे पाठवले तेव्हा नाव कुणाचं दिसलं होतं ते बघून सांग.

आता तुझा शेवटचा प्रश्न, कारण कुणी पॅन-आधार वापरून खरंच कर्ज काढलं असू शकतं. क्रेडिट रिपोर्ट काढा, म्हणजे आईच्या नावावर कुठली कर्जं आहेत त्याची नोंद. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, कुठल्या एजंटला पैसे देऊ नको. आई बचत गटात असेल तर हाय मार्कचा नक्की काढ. अनोळखी कर्ज दिसलं तर तिथंच ऑनलाईन हरकत नोंदव, ३० दिवसात निकाली काढावी लागते, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

पूर्वभागातली
दादा, मी वकिलांकडे काम करते, रोज अशा बायका येतात, बहुतेक आपल्याच भागातल्या. आईंना आधी हे सांगा, कर्ज थकलं एवढ्यावरून कुणाला अटक होत नाही, चेक बाउन्सचं वेगळं. तो दिवाणी मामला असतो. आणि वॉरंट पाठवून वर यूपीआयवर पैसे भरा असं कुठलं कोर्ट सांगत नाही.

गुन्हा तर उलट त्यांच्यावर होतो. भारतीय न्याय संहितेत खंडणीचं कलम ३०८, धमकीचं ३५१, सरकारी माणूस असल्याची बतावणी केली त्याचं २०४, आणि मोबाईल-कॉम्प्युटरवरून तोतयेगिरी करून फसवल्याचं आयटी ॲक्टचं ६६ डी. पैसे गेलेत म्हणून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, आजच फोन लावा, खरंतर पैसे गेले त्याच तासात लावायला पाहिजे म्हणजे रक्कम थांबवता येते, पण उशीर झाला तरी नोंद होऊ द्या. मग पोलीस आयुक्तालयाच्या सायबर पोलिसांकडे प्रिंट घेऊन जा. ज्यांचे पैसे गेले नाहीत, नुसते फोन येतात त्यांनी सरकारच्या संचार साथी वेबसाईटवर 'चक्षू' नावाच्या भागात तक्रार टाकायची, तिथंच आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते पण दिसतं, ते नक्की बघा.

वकिलाचा खर्च नको असेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाईन १५१००. बाई असली की उत्पन्न बघत नाहीत, वकील मोफत मिळतो. नंबर बदलू नका.

घरकुल_पोरगा
काका, ताई, लूमवाले दादा, खूप आभार. अपडेट देतो.

यूपीआयला नाव कुणातरी माणसाचंच होतं, कंपनीचं नव्हे. दोन रिपोर्ट काढले (पॅन पीएफसाठी काढलेलं होतं), त्यात फक्त बचत गटाचं चालू कर्ज आहे, दुसरं काही नाही. १९३० ला तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, प्रिंट घेऊन सायबरला जाऊन आलो, पैशाचं काय होईल ते सांगता येत नाही म्हणाले. संचार साथीवर आईच्या नावावर दोन सिम दिसले, एक तिचं आणि एक कुणाचं माहीतच नाही, ते 'माझं नाही' म्हणून टाकलं.

आईनं विड्या वळणाऱ्या बायकांना सांगितलं. तर त्यातल्या अजून दोघींना तसलेच फोन यायलेत म्हणे आणि एकीनं मंगळसूत्र गहाण ठेवायचं ठरवलं होतं! तिला आज संध्याकाळी घेऊन बसणार आहे, १९३० लावून देतो.

काल सकाळी परत फोन आला. आईनंच घेतला, मांडीवरचं सूप खाली न ठेवता. काकांनी सांगितलेलं मी मोठ्या अक्षरात तेलुगूत लिहून भिंतीला चिकटवलंय, ते बघून म्हणाली, खाते नंबर सांग, कागद पाठव. त्यानं शिवी दिली आणि कट केला.

लूमवाला
त्या मंगळसूत्रवाल्या मावशींना आजच गाठ, संध्याकाळची वाट बघू नको. मी अशोक चौकात आहे, लागलं तर मेसेज कर, गाडी घेऊन येतो.