वलंदेज, डिंगमार आणि बाकीचे टोपीकर

शंकासुर: रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र (मराठ्यांच्या राज्यनीतीवरचा ग्रंथ, १७१५च्या सुमाराचा) वाचतोय. त्यात सावकारांच्या प्रकरणात टोपीकरांची, म्हणजे टोपी घालणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्यांची, यादी आहे: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस, डिंगमार. वलंदेज म्हणजे डच हे माहीत होतं, पण 'हॉलंड'चं 'वलंदेज' झालं कसं? आणि फिरंगी म्हणजे सगळेच गोरे ना? मग यादीत त्यांचं वेगळं नाव कशाला?

मोडीवाचक: इथे फिरंगी म्हणजे पोर्तुगीजच. मूळ शब्द 'फ्रँक'. अरबी-फारसीत त्याचं 'फरंग' झालं, आणि तिकडे तो सरसकट युरोपीय माणसाला लावत. आपल्याकडे १४९८ नंतर शंभरेक वर्षं गोऱ्यांपैकी समुद्रावर जोर होता तो पोर्तुगिजांचाच, त्यामुळे सगळ्यांचं नाव एकट्यांच्या खाती जमा झालं. इंग्रजांची कंपनी १६०० ची, डचांची १६०२ ची. मागून आले, त्यांना वेगळी नावं शोधावी लागली. (फिरंग तलवारही यातलीच, युरोपी पात्याची.)

व्युत्पत्तीवेडा: आणि ती नावं दिली कोणी, तर पोर्तुगिजांनी! पोर्तुगीजमध्ये डच माणूस 'ओलांदेश', लिहिताना एच असतो पण उच्चारत नाहीत. शब्दारंभीच्या 'ओ'चा आपण 'व' करतोच: ओढा-वढा, ओटा-वटा, ओठ-वठ. शेवटचा 'ज' अनेकवचनातून आला असावा, तिथे 'श'चा 'झ' होतो. 'इंग्रज'ची शेपटीही तीच. इंग्लिशमधून घेतला असता तर 'इंग्लीस' वगैरे काही झालं असतं. पोर्तुगिजांच्या वैऱ्यांची ओळख आपल्याला पोर्तुगिजांच्याच तोंडून झाली, गंमत आहे.

मोडीवाचक: इतकं सरळ नसावं. वलंदेज उर्दूतही आहे. दरबारी कागदांतून मराठीत उतरला नसेल कशावरून?

व्युत्पत्तीवेडा: उतरला असेल. पण दरबाराने तरी तो कुणाकडून उचलला? फिरून गाडी गोव्यालाच येते.

वेंगुर्लेकर: आमच्याकडे 'डच वखार' म्हणतत, वलंदेज कोणाक म्हायत नाय. १६३७ ची वखार, आता पडझड झालीय. विजापूरकरांच्या परवानगीने इथे बसले ते नुसत्या व्यापारासाठी नव्हे. त्या काळात डच जहाजं हंगामात मांडवीच्या तोंडाशी उभी राहून गोव्याची कोंडी करत, त्यांना दाणापाणी वेंगुर्ल्यातून जाई. पोर्तुगिजांच्या नाकासमोर चूल मांडली म्हणा ना! एक विनंती: 'फॅक्टरी'चं भाषांतर 'कारखाना' करू नका हो. तिथे काही तयार होत नसे. 'फॅक्टर' म्हणजे कंपनीचा अडत्या, तो राहायचा आणि माल साठवायचा ती वखार. हल्ली वखार म्हटलं की लोकांना लाकडंच दिसतात, तो भाग वेगळा.

शंकासुर: डिंगमार राहिले. मला आधी ते डिंग मारणारे वाटले होते.

मोडीवाचक: 😀 डेन्मार्कवाले. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून तरंगंबाडी मिळवली. पुढे तंजावरला व्यंकोजीराजांचं राज्य आलं, तेव्हा डिंगमार भोसल्यांचे शेजारीच झाले. १८४५ ला तरंगंबाडी इंग्रजांना विकून गेले. बाकी अमात्य नावं मोजून थांबत नाहीत, तो उतारा पुरा वाचा. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांचे धनी त्यांच्या मुलखात राज्य करतात, त्यांना जागेचा लोभ असणारच, तेव्हा किनाऱ्यावर बळकट जागा देऊ नये, असं सांगतात. 'टोपीकर' हा एकच शब्द सगळ्यांना लावतात तो म्हणूनच असेल. आपसांत ते कितीही भांडोत, पंतांच्या हिशेबी जात एकच.

शंकासुर: मग आजच्या डचांना वलंदेज म्हटलं तर चालेल?

व्युत्पत्तीवेडा: ऐतिहासिक कादंबरीत खुशाल. 'वलंदेजांनी पेनल्टीवर गोल केला' लिहिलंत तर मात्र संपादक फोन करेल.